दातपत्रिका

कांदळग्याच्या मुलांच्या दातांना समुद्र माहीत नव्हता.

डॉ. तस्नीम मुकादम एवढं बोलली आणि तिनं चहाचा कप खाली ठेवला. शैलजा पाष्टेच्या पडवीतून खाडी दोनशे पावलांवर दिसत होती. भरती होती. पाणी कांदळवनाच्या मुळांत शिरलं होतं, आणि खारा वारा पडवीच्या लोखंडी दाराला नेहमीसारखा गंज चढवत होता.

"म्हणजे?" शैलजानं विचारलं. म्हणजे काय ते तिला कळलं होतं.

"तुम्ही केमिस्ट्रीच्या, ताई. तुम्हाला वेगळं काय सांगू? हा स्ट्रॉन्शियमचा रकाना बघा." तस्नीमनं मांडीवरचा टॅब तिच्याकडे वळवला. रत्नागिरीच्या दंतनोंद प्रयोगशाळेची ती प्रमुख होती; पस्तिशीची, मोजकं बोलणारी.

स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचं भावंड. शरीराला दोघांतला फरक नीटसा कळत नाही, म्हणून तेही हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. त्याचे काही अणू जड असतात, काही हलके, आणि त्यांचं प्रमाण त्या-त्या जागेच्या पाण्यामातीवर ठरतं. जगातल्या सगळ्या समुद्रांत ते एकच आहे. घाटावरच्या काळ्या खडकात ते निराळं. खाडीची मासळी खाऊन आणि खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या मुलाच्या दातात समुद्राचं प्रमाण उतरतं, कराड-पाटणच्या मुलाच्या दातात खडकाचं. यंत्र हा आकडा फक्त स्वतःची मोजणी तपासण्यापुरता नोंदवत असे. तेरा वर्षांत तो रकाना कोणी उघडला नव्हता.

"कांदळग्याच्या शाळेतून आजवर दोनशे चौदा दात आले," तस्नीम म्हणाली. "त्यांतले एकशे ऐंशी घाटावरचे आहेत. एक तर ही मुलं इथं जन्मली नाहीत, नाहीतर हे दात त्यांचे नाहीत."

शैलजा त्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेली.

"एकवीस तारखेला जनसुनावणी आहे. मेरुधर केमिकल्सला भट्ट्या दुप्पट करायच्यात. त्यांच्या अर्जाला पहिलं जोडपत्र काय आहे, माहीत आहे? आमची दंतनोंद. तालुक्यातलं सगळ्यात स्वच्छ गाव, कांदळगे. त्या नोंदीखाली माझी सही असते, ताई. हे कोणी सुरू केलं, तुम्हाला काही कल्पना?"

शैलजानं कपबशा उचलल्या.

"मी," ती म्हणाली.

*

दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, ही गावची जुनी रीत. दंतनोंद योजना आली आणि कौलावर जाणारे दात शाळेत जाऊ लागले.

दात हिरडीत असतानाच थराथरानं बनतो, रोज एक थर. त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या थरात अडकतं आणि कायमचं राहतं. जन्माच्या दिवशी बाळाला जो धक्का बसतो, त्याचीही एक गडद रेघ दातात उमटते. तिला जन्मरेषा म्हणतात. दुधाची मागची दाढ म्हणजे आईच्या पोटातल्या पाचव्या महिन्यापासून पहिल्या वाढदिवसाच्या आसपासपर्यंतची रोजनिशीच. लेझरचा बारीक किरण ती दिवसादिवसानं वाचत जातो, आणि मुलाच्या वाट्याला किती शिसं आलं, किती मँगनीज आलं, ते कागदावर उतरतं. ज्या गावाची सरासरी मर्यादेबाहेर, ते गाव 'बाधित'. बाधित गावाला धरणाचं पाणी, मुलांना मोफत उपचार, आणि कारखान्याच्या धुराड्याला कुलूप.

हेतू चांगला होता. पण नोंद एकदा झाली की ती मागणारेही उभे राहतात. आधी विमा कंपन्यांनी मागितली, मग नोकरी देणाऱ्यांनी, मग वरपक्षानं. मँगनीज मेंदूत साठतं, हाताला कंप आणतं, लक्ष टिकू देत नाही. असली सून कोण करून घेणार? बघता बघता जन्मपत्रिकेच्या शेजारी दातपत्रिका ठेवली जाऊ लागली.

शेजारच्या जिल्ह्यात योजना दोन वर्षं आधी सुरू झाली होती. तिथल्या बाधित गावांतल्या मुलींचं काय झालं, ते शैलजानं वर्तमानपत्रात वाचलं होतं. ती कराडची, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन या गावात आलेली आणि मेरुधरच्या सांडपाणी प्रयोगशाळेत नोकरी करणारी. मेरुधरमध्ये मँगनीजचं खनिज भाजून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत घालायची पूड होत असे. शैलजाचं काम सरासरीचं होतं. चोवीस तासांचे चोवीस नमुने एका बाटलीत मिसळायचे आणि त्या मिश्रणाचा एकच आकडा लिहायचा. कोणत्या तासाला काय सुटलं, ते त्या आकड्यात विरून जाई. नियमच तसा होता. बावीस वर्षं तिनं त्या आकड्याखाली सही केली. नवरा गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, तिनं नोकरी सोडली.

योजना कांदळग्यात आली तेव्हा तिची मैथिली अकरा वर्षांची होती. तोंडात एकच दुधाची दाढ उरली होती. ती पडली. शैलजानं ती धुतली, नमुन्याच्या तपकिरी बाटलीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली, 'डावी, खालची, दुसरी', आणि बाटली कपाटात ठेवून दिली. शाळेत दिली ती कराडच्या भाचीची, सायलीची दाढ.

थोरली जाऊ मंदावैनी हिनं ते पाहिलं. पुढच्या वर्षी कुंकवाच्या डब्यांतून घाटावरचे दात एसटीनं खाली येऊ लागले. जिचं माहेर घाटावर नव्हतं, ती जिचं होतं तिच्याकडे मागायची. नकाशावर कांदळगे हिरवं झालं, हिरवंच राहिलं. मुलींची लग्नं वेळेवर होत गेली.

*

"वैनी, एकवीस तारखेला मी सुनावणीत बोलणार आहे."

मंदावैनी अंगणात सुकट निवडत बसली होती. "बोल की. तू शिकलेली. आनि त्या रस्त्याचा पन सांग, खड्डं बुजवा म्हनावं."

"दातांचं बोलणार आहे."

वैनीचा हात सुपात थांबला. "कुनाच्या दातांचा?"

"मैथिलीच्या. मी बदलला म्हणून सांगणार."

"आनि मग आमी काय सांगायचा? आमी बाजारातनं आनलं?"

"कुणाचंही नाव घेणार नाही मी."

"नाव कशाला घ्यायला होवा? येकीचा फुटला की सगल्यांचा फुटला." वैनीनं सूप बाजूला सारलं. "तुज्या पोरीचा ठरला, म्हनून तुला आता पुन्य सुचतंय. माजी ईशानी हाय, तिच्या पाठची हाय. त्येंना कोन करील?"

"मैथिलीचंही मोडेल कदाचित."

"मग येडी हायस तू."

तेवढ्यात ईशानी बाहेर आली. सहा वर्षांची. तिनं माठातलं पाणी घेतलं, पेला दोन्ही हातांनी धरला आणि अगदी सावकाश, जिभेचं टोक दातांत पकडून, तोंडाकडे नेला. अर्ध्या वाटेत पेला हिंदकळला. पाणी फ्रॉकवर सांडलं.

"नीट धर गो! ध्यान कुठं असता तुजा?" वैनी ओरडली.

"वैनी," शैलजा म्हणाली, "ती नीटच धरत्ये."

मंदावैनी उठली. पदराच्या टोकानं तिनं नातीचा फ्रॉक पुसला. बराच वेळ पुसत राहिली. मग शैलजाकडे न बघता म्हणाली, "सव्वीस वर्सां झाली तुला हितं. अजून घाटावरचीच राह्यलीस."

*

मैथिलीची खरी दाढ शैलजा तस्नीमकडे घेऊन गेली, तेव्हा तस्नीमनं बाटलीला हातही लावला नाही.

"दात तिचा आहे, ताई. ती चोवीस वर्षांची आहे. तिच्या सहीशिवाय मी बूच काढणार नाही."

रविवारी दुपारी शैलजानं नाशिकला फोन लावला. मैथिली तिथं एका प्रकाशनात आवाजी पुस्तकं तयार करत असे. गळा सुरेख होता तिचा.

"आई, पटकन बोल हं. तन्मयच्या आईबरोबर साड्या बघायला जायचंय."

शैलजानं अहवाल वाचावा तसं सांगितलं. आधी योजना, मग दाढ, मग सायलीची दाढ, मग गाव, मग सुनावणी. मध्ये थांबली असती तर पुढं बोलणं झालं नसतं.

मैथिली आधी हसली. "म्हणजे तन्मयकडे दिलेली माझी दातपत्रिका सायलीताईची आहे? तरीच! त्याचे नि तिचे छत्तीस गुण जुळले म्हणायचे."

मग तिकडचं हसू थांबलं.

"आई, माझा हात."

"हो."

"तू मला रोज दहा ओळी शुद्धलेखन काढायला लावायचीस. अक्षर गिचमिड आलं की पान फाडायचीस."

"हो."

"इंटरमिजिएटच्या परीक्षेत माझी रेघ थरथरली. चित्रकला सोडली मी. तू म्हणालीस, आळशी आहेस, सराव करत नाहीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"तुझ्याकडे अख्खी प्रयोगशाळा होती. दाढ कपाटात होती."

"माहीत होऊ नये, म्हणूनच ठेवली होती." हे वाक्य शैलजा स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होती.

तिकडे पंख्याचा आवाज येत होता. कोणीतरी मैथिलीला हाक मारली, ती "आले" म्हणाली, पण हलली नसावी.

"वाचायला दे दाढ," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट, पुस्तक वाचतानाचा. "सही पाठवते मी. पण अहवाल माझ्याकडे येईल. तू बघायचा नाहीस. आणि सुनावणीत माझ्या हाताबद्दल एक शब्द काढायचा नाहीस. हात माझा आहे. तन्मयला मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस."

"बरं. मैथिली..."

"ठेवते."

*

सुनावणी मेरुधरच्या मैदानात, मांडवात झाली. समोर जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई बसल्या होत्या. कंपनीचे पर्यावरण व्यवस्थापक सबनीस यांनी पडद्यावर तालुक्याचा नकाशा दाखवला. सगळ्या लाल-पिवळ्या गावांत कांदळगे हिरवंगार होतं. टाळ्या पडल्या. गावातली निम्मी घरं मेरुधरच्या पगारावर चालत होती.

शैलजाचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली. बायकांच्या रांगेतली एकही मान वर झाली नाही.

"ही नोंद खोटी आहे," ती म्हणाली. "तेरा वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीच्या दाताऐवजी दुसऱ्या मुलीचा दात शाळेत दिला. त्यानंतर नोंदीत घाटावरचे एकशे ऐंशी दात आलेत. बाकीच्यांबद्दल मी सांगणार नाही. मी काय केलं ते सांगते. पुरावा तुमच्याच नोंदीत आहे." आणि तिनं स्ट्रॉन्शियमचा रकाना समजावून सांगितला. शाळेत शिकवावं तशा सोप्या शब्दांत, एकही आकडा न चुकता.

सबनीस तिला ओळखत होते. कित्येक वर्षं दोघांनी एकाच कँटीनमध्ये जेवण केलं होतं. ते मृदूपणे म्हणाले, "पाष्टे मॅडम, आमच्या सांडपाण्याचे अहवाल बावीस वर्षं तुमच्याच सहीनं गेले. तेव्हा खोटं लिहीत होतात की आता खोटं बोलताय?"

"तेव्हाचा प्रत्येक आकडा खरा होता, साहेब. तो सरासरीचा होता. चोवीस तासांचं पाणी मी एका बाटलीत मिसळत होते. मूल सरासरी पाणी पीत नाही. ज्या तासाला जे येईल, ते पितं."

मागून कोणीतरी ओरडलं, "हिच्या पोरीचा हात बघा आधी! त्याच्यावर बोल की!"

अधिकारी बाईंनी मान वर केली. "तुमच्या मुलीचा खरा दात उपलब्ध आहे?"

"आहे."

"मग सादर करा. प्रश्नच मिटला."

मैथिलीची रेघ, मैथिलीचं अक्षर, पेन धरताना पांढरी पडणारी तिची बोटं, सगळं शैलजाच्या जिभेवर आलं. ते सांगितलं असतं तर मांडव गप्प झाला असता.

"तो माझा नाही," ती म्हणाली. "मुलीबद्दल मी काही बोलणार नाही."

मांडवात हशा पिकला. ती खाली बसली, तेव्हा शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

संध्याकाळी निर्णय आला. जुनी दंतनोंद ग्राह्य धरली जाणार नाही. तीन महिन्यांत फेरतपासणी. तोपर्यंत भट्ट्यांना परवानगी नाही.

*

त्यानंतर तिच्या पडवीत कोणी आलं नाही. मासळीवाली आधीच्या घरावरून परत वळू लागली. दोन्ही अंगणांमधल्या येण्याजाण्याच्या वाटेत मंदावैनीनं दगडांचा गडगा घातला. त्याच्यापलीकडून ईशानीचा आवाज यायचा, पेला पडल्याचाही यायचा. गावातल्या दोन मुलींची ठरलेली लग्नं थांबली, हे शैलजाला वाण्याकडे कळलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती उभी असताना ते मुद्दाम मोठ्यानं बोललं गेलं. मैथिलीचा एका ओळीचा निरोप आला: 'तन्मयकडे सांगितलं. पुढं ढकललंय.' शैलजानं फोन केला. तो उचलला गेला नाही. तिनं पुन्हा केला नाही.

फेरतपासणीची गाडी शाळेसमोर तीन दिवस उभी राहिली. तीन दिवस शैलजा समोरच्या पारावर जाऊन बसली. एकही दात आला नाही. चौथ्या दिवशी गाडी निघून गेली, तेव्हा चालकानं तिला हात केला. त्या आठवड्यात तिच्याशी झालेलं तेवढंच बोलणं.

आणि मग रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत पाकिटं येऊ लागली. पुण्याहून, पनवेलहून, सुरतेहून. कांदळग्याच्या मुली होत्या त्या, मोठ्या होऊन बाहेर गेलेल्या. आयांनी शाळेत परक्याचा दात दिला होता, पण स्वतःच्या लेकीचा दात फेकून द्यायला हात धजला नव्हता. तो कुठं डबीत, कुठं देव्हाऱ्यात तसाच होता. मुलींनी तो मागून घेतला, किंवा न विचारता काढून आणला. सगळे मिळून अकरा.

"हे त्यांना कोणी सुचवलं?" शैलजानं फोनवर विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही, ताई," तस्नीम म्हणाली.

*

अकरा आलेख, नावांऐवजी क्रमांक घातलेले, सुनावणीच्या सगळ्या पक्षांना पाठवले गेले. शैलजालाही आले. सोबत मेरुधरचं उत्तर होतं: दातांत मँगनीज आहे हे मान्य, पण ते आईच्या आहारातलं आहे. नाचणी, मासळी, चहा. कारखान्याचा संबंध नाही.

"आणि एक भानगड आहे," तस्नीम म्हणाली. "अकरांपैकी सात आलेखांत मध्येच एक खड्डा आहे. मँगनीज वर असतं, हळूहळू उतरतं, जन्मरेषेच्या अलीकडे-पलीकडे तळाला राहतं आणि मग एकदम चढतं. उरलेल्या चारांत असं काही नाही. यंत्र तीनदा तपासलं. सबनीस म्हणतील, यांची मोजणीच बेभरवशाची."

शैलजानं आलेख जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. सकाळ गेली. भात चुलीवर करपला. सात खड्डे, प्रत्येक जन्मरेषेभोवती. कुठं चार महिन्यांचा, कुठं सहा. चार रेघा मात्र सलग वरच. बाळ जन्मताना आई कुठं तरी असते, हे इतकं साधं होतं की शास्त्र शिकलेल्या दोन बायकांना ते सुचलं नव्हतं.

तिनं तस्नीमला फोन लावला. "ज्या सात जणींच्या आलेखात खड्डा आहे, त्या घरातल्या थोरल्या आहेत का बघ."

कागद चाळल्याचा आवाज आला. "सातही थोरल्या. पण आठवी एक थोरली आहे, तिला खड्डा नाही."

"तिच्या आईचं माहेर विचार. या खाडीच्याच काठचं असणार."

तस्नीमनं पुन्हा कागद चाळले. मग म्हणाली, "या अल्ला. पहिलं बाळंतपण माहेरी!"

"सातव्या महिन्यात ओटी भरतात आणि घेऊन जातात. तीन महिन्यांचं बाळ घेऊन परत येते. दुसऱ्या खेपेला कोणी नेत नाही. आईचा आहार म्हणशील तर चहा माहेरीही तोच होता. उलट जास्तच. बदललं ते फक्त गाव."

"ताई, हे पुरेसं आहे! फक्त..." तस्नीमचा आवाज जरा उतरला. "एकीच्या तरी तारखा लागतील. कधी गेली, कधी परत आली. दाताच्या रोजनिशीशी दिवस जुळवून दाखवावा लागेल. नाहीतर सबनीस याला तर्क म्हणतील. कोणाच्या आईला विचारायचं? गावात कोण सांगेल?"

शैलजासमोर चौथा आलेख होता. मघापासून ती त्याच्यावर पेन्सिलनं दिवस मोजत होती. जन्मरेषेच्या अलीकडे त्रेसष्ट. पलीकडे सत्त्याण्णव. मग सरळ कड्यासारखी वर गेलेली रेघ.

"बघते," ती म्हणाली. तिनं चौथा आलेख उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मैथिली कामाला निघण्याआधी, तिनं फोन लावला. वाजून वाजून तो बंद होण्याच्या बेताला उचलला गेला.

"बोल."

"तू बघायचा नाहीस म्हणालीस, आणि मी तुझा आलेख बघितला. नाव नव्हतं त्याच्यावर. त्या अकरांत तुझाही आहे, हे बघून झाल्यावर कळलं."

"कसं कळलं?"

"जन्मरेषेनंतर सत्त्याण्णव दिवस तुझी रेघ अगदी खाली आहे. स्वच्छ. ते सत्त्याण्णव दिवस मी तेव्हाच मोजले होते." तिनं खड्ड्यांचं सगळं सांगितलं. तस्नीमला तारखा हव्यात, तेही सांगितलं. "तुझ्या परवानगीशिवाय मी देणार नाही. नाही म्हणालीस तर दुसरं काही शोधू."

तिकडे रस्त्यावरून एक गाडी गेली.

"त्या सत्त्याण्णव दिवसांत आपण कुठं होतो?"

"कराडला. तुझ्या आजोळी."

"आणि नंतर?"

"नंतर इथं आलो. विहिरीचं पाणी मी वीस-वीस मिनिटं उकळून तुला द्यायचे. गुटीही त्यातच उगाळायचे." शैलजा थांबली. "उकळल्यानं धातू जात नाही. पाणी आटतं, तो दाटतो. मी बी.एस्सी. होते."

"आई," मैथिली म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मग परत कशाला आणलंस मला?"

उत्तरं पुष्कळ होती. रजा संपली होती. बाबा एकटे होते. तीन महिने झाल्यावर सासरी जायचं, अशी रीत होती. मामानं गाडी सांगितली होती, आजीनं नवं लुगडं नेसवलं होतं, बाळाच्या गालाला तीट लावली होती. सगळं खरं होतं. मैथिलीनं जे विचारलं, त्याचं यात उत्तर नव्हतं.

"घर होतं गं आपलं," शैलजा म्हणाली.

फोन चालूच राहिला. खाडीवर ओहोटी लागली होती आणि गडग्यापलीकडे मंदावैनी कोणाला तरी हाक मारत होती.

"परत आलो ती तारीख सांग," शेवटी मैथिली म्हणाली. "तू देऊ नकोस. मी देते, माझ्या नावानं."

शैलजानं तारीख सांगितली. वारही सांगितला, तो मैथिलीनं विचारला नव्हता.